कौलांवरून पळणारी माणसं

प्रश्न : गेल्या रविवारी बायकोनं टीव्हीवर 'क्राऊचिंग टायगर, हिडन ड्रॅगन' लावला. माणसं तलवारी घेऊन कौलांवरून पळतात, बांबूच्या शेंड्यावर उभी राहून झुलतात. मला हसू आवरेना. शेवटी बघतो तर ही डोळे पुसतेय. "अगं, तारा बांधून उडवतात त्यांना," एवढंच म्हणालो, तर दोन दिवस अबोला. यात रडण्यासारखं आहे तरी काय?
– एक वाचक, तासगाव

उत्तर : तारा तिलाही ठाऊक असणार हो! २००० सालचा सिनेमा, दिग्दर्शक तैवानचे आंग ली. मारामारी बसवली युएन वू-पिंग यांनी. नटांना तारांवर टांगलं, मग संगणकावर तारा पुसल्या. चीनमध्ये अशा गोष्टींना वुशिया म्हणतात आणि साधनेनं अंग हलकं केलेली माणसं त्यात असायचीच. आपण सांगलीकडची माणसं. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली इथंच 'सीतास्वयंवर' उभं केलं. पुढं संगीत नाटकात मरायला टेकलेला नायक तान घ्यायचा आणि आपण वर वन्समोअर द्यायचो. तेव्हा कुणाला हसू आलं होतं का?

तुम्ही उडण्याकडे बघत बसलात. ती त्या दोघांकडे बघत होती, ली मु बाय आणि शू लिएन. शू लिएनचं लग्न ठरलं होतं ली मु बायच्या मानलेल्या भावाशी. तो मारला गेला. त्याच्या आठवणीला बट्टा नको म्हणून दोघं वर्षानुवर्षं गप्प. अख्खं शहर कौलांवरून पार करतील, पण समोरासमोर बसले की मधलं हातभर अंतर ओलांडवत नाही. एकदाच तो तिचा हात आपल्या गालाला लावतो. शेवटी त्याच्या अंगात विष भिनलेलं असताना ती सांगते, उरलेला श्वास ध्यानासाठी राख. तो नेमका तोच श्वास मनातलं सांगण्यात घालवतो. तिथं रडली असणार तुमची बायको. मीही रडले होते.

आणि अंगणातली ती बायकांची लढत परत बघा. ली मु बायची नामी तलवार पळवणारी ती पोर, जेन; तीच तलवार तिच्या हाती. शू लिएन एकेक हत्यार उचलते आणि ते तुटतं. एक धूड तर तिला उचलतच नाही! माझे वडील कुंडलचं कुस्तीचं मैदान चुकवायचे नाहीत. ते बघायला असते तर म्हणाले असते, पोरीकडे जोर आहे, डाव बाईकडे आहेत. (शू लिएन झालेल्या मिशेल योचा गुडघा याच सिनेमाच्या वेळी जायबंदी झाला होता.)

विश्रामबागेत आमची कॅसेट-सीडीची लायब्ररी होती. ही सीडी आली तेव्हा आमचे हेही तुमच्यासारखेच, "काय थोतांड लावलंयस" म्हणत पेपर चाळत बसले होते. बांबूच्या बनात ली मु बाय आणि ती पोर शेंड्यावर चढले आणि लोडशेडिंग. तासभर अंधारात भडंग खात बसलो. लाईट आली तर सीडी पार पहिल्यापासून सुरू झाली. मी पुढं ढकलायला रिमोट शोधू लागले.

"राहू दे," हे पेपरची घडी घालत म्हणाले, "पहिल्यापासूनच बघू."