पुराच्या पाण्याने ओल धरलेली भिंत

प्रश्न : ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचे पाणी समा भागातील आमच्या तळमजल्यावरच्या घरात गुडघाभर साचले होते. दिवाळीपूर्वी पुट्टी आणि रंग करून घेतला. मात्र नंतर भिंतीला कमरेपर्यंत पोपडे आले आणि आता पांढरी भुकटी गळते. रंगारी आतून वॉटरप्रूफिंगचा थर द्यायला सांगतात. तो द्यावा का?
— एक वाचक, बडोदे

उत्तर : तूर्त देऊ नये. पाणी गुडघाभर होते आणि पोपडे मात्र कमरेपर्यंत आले, यातच कारण दिसते; समईची वात तेल ओढते तशा विटा आणि गिलावा पाणी वर ओढतात. पूर ओसरल्यावर दोनच महिन्यांत रंग दिल्याने ते पाणी आत कोंडले गेले, आणि वॉटरप्रूफिंगने ते आणखी कोंडेल. विटांची भिंत सुकण्याचा ढोबळ हिशेब इंचाला एक महिना असा धरतात, म्हणजे नऊ इंची भिंत दोन्ही बाजूंनी मोकळी असली तरी चार-पाच महिने हवेतच. दिवाळीची घाई आपल्याला असते, भिंतीला नसते.

प्रथम त्या भिंतीवरचे स्विचबोर्ड इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावेत. मग ओलीच्या खुणेच्या फूटभर वरपर्यंत रंग आणि पुट्टी खरवडावी, आणि गिलाव्यावर हातोडीच्या दांड्याने हलके ठोकत जावे; जिथे पोकळ आवाज येतो तिथला गिलावा विटांपर्यंत काढावा. जिप्सम प्लास्टर भिजून मऊ झाले असल्यास ते वाचवण्याच्या फंदात पडू नये. पांढरी भुकटी म्हणजे पाणी उडून गेल्यावर मागे राहिलेले क्षार. ते धुतले तर विरघळून पुन्हा भिंतीत शिरतात, म्हणून कोरड्या ब्रशने झाडून केरात टाकावेत.

कपाटे भिंतीपासून वीतभर पुढे ओढावीत. पावसाळ्यात बाहेरचीच हवा दमट असल्याने खिडक्या उघड्या ठेवून फारसे साधत नाही. तेव्हा खोली बंद करून एसी ड्राय मोडवर चालवावा. उन्हाळ्यात मात्र खिडक्या उघडून पंखा लावला की पुरे, बडोद्याचे ऊन हे काम फुकटात करते. हीटर भिंतीजवळ ठेवू नये, कारण वरचा थर तडकतो आणि आतली ओल तशीच राहते.

काही महिन्यांनी दीड फूट चौरस प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावून एक दिवस ठेवावा. आतल्या बाजूला पाण्याचे थेंब जमले तर थांबावे. पूर्ण उन्हाळा उलटूनही ओल वर चढत असेल, तर दोष पुराचा नसून जोत्यातील ओलरोधक थराचा किंवा गळक्या नळाचा असू शकतो. तेथे आधी प्लंबरला बोलवावे. भिंत कोरडी निघाल्यास नवा गिलावा करून तोही सुकू द्यावा आणि पहिले वर्ष ऑइल पेंटऐवजी चुन्याची सफेदी द्यावी, म्हणजे उरलीसुरली ओल बाहेर पडायला वाट राहते.