‘माझ्या एका तारखेमुळे कुणाचा दावा बुडाला तर?’

मी समुपदेशन करते, आणि कोर्टात नव्याने लागलेल्या मुलामुलींकडून हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत ऐकते. कुणी म्हणतं झोप लागत नाही, कुणाच्या पोटात रविवारी संध्याकाळपासूनच कालवायला लागतं. खोदून विचारलं की बहुतेकांच्या मनातलं एकच निघतं. आपल्या हातून काहीतरी चुकेल, ते सरकारी कागदावर कायमचं राहील आणि त्याची किंमत भलताच माणूस भरेल. आणि मग पुढचं ठरलेलं, ‘नोकरी सोडून देऊ का?’

2023 च्या अखेरीस मुंबई उच्च न्यायालयाने राज्यातल्या जिल्हा न्यायालयांसाठी एकत्रित भरती काढली होती. लघुलेखक, कनिष्ठ लिपिक, शिपाई-हमाल मिळून साडेचार हजारांहून जास्त जागा होत्या. लिपिकासाठी पदवी, मराठी टायपिंग मिनिटाला 30 शब्द, इंग्रजी 40, शिवाय संगणकाचं प्रमाणपत्र. पोरं वर्षानुवर्षं क्लास लावून याची तयारी करतात. पण भरल्या कोर्टात साहेबांनी, म्हणजे न्यायाधीशांनी, नाव घेऊन विचारलं तर उत्तर कसं द्यायचं, हे कुठल्याच क्लासात शिकवत नाहीत.

ही जी मुलगी माझ्याकडे आली तिचं नाव, गाव, तालुका मी लिहीत नाही. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत, आणि लिहायला तिची हरकत नाही. सिंधुदुर्गातलीच, बी.कॉम. झालेली, पंचविशी ओलांडलेली. सोबत आई होती, आणि बोलायला आईनेच सुरुवात केली. “मॅडम, सरकारी नोकरी आसा. लोका देव पाण्यात घालून बसतत तेच्यासाठी. आणि ह्या चेडू सोडूक बघता.” मुलगी खाली बघून ओढणीचं टोक गुंडाळत होती. आईला बाहेर बसवलं तेव्हा कुठे ती बोलती झाली.

तालुका कोर्टात माणसं कमी. तिला लगेच बेंचच्या कामाला मदतीला बसवलं होतं. साहेब तारीख देतात, ती बोर्डावर, म्हणजे त्या दिवसाच्या प्रकरणांच्या यादीवर नोंदवायची, रोजनाम्याशी, म्हणजे कामकाजाच्या नोंदीशी जुळवायची आणि संध्याकाळी सीआयएसमध्ये, म्हणजे कोर्टाच्या संगणक प्रणालीत भरायची. तिथे भरलं की ते ई-कोर्ट्सच्या मोबाइल अ‍ॅपवर वकील-पक्षकार सगळ्यांना दिसतं. एका वाटपाच्या दाव्यात साहेबांनी 12 तारीख दिली. हिने भरली 21.

वादी डोंबिवलीचा चाकरमानी. त्याचा उलटतपास व्हायचा होता. त्याने अ‍ॅपवर 21 बघून कोकणकन्याचं तिकीट काढलं. 12 ला पुकारा झाला तेव्हा वादी गैरहजर. समोरच्या वकिलांनी वादीचा पुरावा बंद करा म्हणून अर्ज दिला. वादीच्या वकिलांनी मोबाइल पुढे केला. साहेबांनी रोजनामा पाहिला, मान वर केली आणि विचारलं, “हे कुणी टाकलंय?” ही उभी राहिली. साहेब दोनच वाक्यं बोलले, अर्ज नामंजूर केला, नवी तारीख दिली आणि पुढचं प्रकरण पुकारायला सांगितलं.

कोर्टाच्या लेखी विषय तिथे मिटला. हिच्या लेखी मात्र त्या रात्री सुरू झाला.

रात्री जेवण झालं की ती मोबाइल घेऊन बसायची. दिवसभरात भरलेल्या प्रत्येक प्रकरणाचा सोळा अक्षरी सीएनआर नंबर, म्हणजे त्याचा ओळख क्रमांक, टाकून तारीख बघायची. आधी फक्त स्वतःच्या नोंदी, मग आदल्या आठवड्याच्याही. बारा वाजायचे. सकाळी शिपायाला फोन, कपाटाला कुलूप लागलं होतं ना म्हणून. दिवसा झोप अनावर, काम मागे पडलेलं, संध्याकाळी घाईघाईत नोंदी, म्हणजे चुकायची शक्यता आणखी वाढलेली. भीतीपायी ती जे करत होती त्यानेच भीती खरी ठरायची वेळ आली होती.

जुन्या लिपिकांना ही ‘सोय’ नव्हती. फाइल कपाटात, कपाट कोर्टात आणि कोर्टाला रात्री कुलूप. मनात असूनही तपासता यायचं नाही. आता सगळं कोर्ट उशाशी येऊन पडलंय. अ‍ॅप पक्षकारांसाठी फार उपयोगाचं आहे, त्याला माझा विरोध नाही. पण धास्तावलेल्या लिपिकाच्या हातात रात्री अकरा वाजता ते काय करतं, हे मी जवळून पाहिलंय.

मी तिला विचारलं, नुकसान होईल म्हणतेस, म्हणजे नेमकं काय होईल? बराच वेळ ती गप्प होती. मग वडिलांबद्दल बोलायला लागली. त्यांच्या घरचा वाटपाचा दावा ती शाळेत असल्यापासून चालू आहे. सातबाऱ्यावर नावांची रांग, त्यातले निम्मे मुंबईत. मध्येच एक चुलते वारले. अशा वेळी 90 दिवसांत वारसांना रेकॉर्डवर आणण्याचा अर्ज द्यावा लागतो. मुंबईच्या चुलतभावांनी वेळेवर कळवलं नाही, मुदत टळली आणि ते सगळं निस्तरण्यात बराच काळ गेला. वडील प्रत्येक तारखेला पहिल्या एसटीने जायचे, दिवसाची मजुरी बुडवून. साहेब रजेवर असले की तिथूनच परत. “वादी म्हणून पुकारलेला प्रत्येक माणूस मला बाबांसारखा दिसतो,” ती म्हणाली.

हे ऐकल्यावर तिची समजूत घालायचा बेत मी रद्द केला. ‘एवढं मनाला लावून घेऊ नकोस’ हे तिला घरी आणि कार्यालयात सगळ्यांनी सांगून झालं होतं, आणि कशाचाच उपयोग झाला नव्हता. होणारही नव्हता. तिच्या कानाला त्याचा अर्थ ‘पक्षकारांची फिकीर सोड’ असा लागत होता. तिची काळजी मला कमी करायची नव्हती. ती चुकीच्या वेळी आणि चुकीच्या जागी खर्च होत होती, तेवढंच बदलायचं होतं.

म्हणून एक साधा प्रयोग दिला. रात्री तपासायचंच असेल तर तपास, पण प्रत्येक वेळी वहीत लिही, ‘नोंद बरोबर आहे याची खात्री शंभरपैकी किती?’ तिची समजूत अशी की जितक्या वेळा बघेन तितकी खात्री वाढेल. वही उलटंच सांगत होती. पहिल्यांदा बघितल्यावर नव्वदच्या घरात, पाचव्यांदा बघितल्यावर साठाच्या खाली. मार्सेल व्हॅन डेन हाउट आणि मेरेल किंट या डच मानसशास्त्रज्ञांनी 2003 मध्ये हेच दाखवलं होतं. त्यांनी लोकांना संगणकावरच्या गॅसच्या शेगडीची बटणं पुन्हा पुन्हा तपासायला लावली. आठवण फारशी चुकली नाही, पण आठवणीवरचा विश्वास उडाला. मी तिला हे आधी सांगितलं नाही, वही भरून आल्यावर सांगितलं. स्वतःच्या अक्षरातले आकडे समोर असले की माणूस वाद घालत नाही.

मग तपासणी रात्रीतून काढून संध्याकाळी कार्यालयातच आणली. तिच्या शेजारच्या टेबलावर एक वरिष्ठ लिपिक होते, निवृत्तीला आलेले. सिव्हिल मॅन्युअल, म्हणजे दिवाणी कोर्टाच्या कामाची नियमपुस्तिका, त्यांना तोंडपाठ, संगणकाचं मात्र वावडं. (अशी मंडळीही माझ्याकडे येतात. आयुष्यभर ज्यांच्या शब्दावर कार्यालय चाललं, त्यांना चाळिशीतही न आलेल्या माणसाकडून पासवर्ड कसा बदलायचा ते शिकावं लागतं. तो सल वेगळा, त्यावर कधीतरी स्वतंत्र लिहीन.) तिने त्यांना विनंती केली. ते रोजनामा मोठ्याने वाचणार, ती पडद्यावर बघणार. तारखेबरोबर वारही म्हणायचा, ‘बारा, मंगळवार’. 12 चे 21 होताना डोळ्यांना कळत नाही, पण मंगळवारचा गुरुवार झाला की कान लगेच पकडतो. एकदा वाचून झालं की बोर्डावर दोघांची बारीक सही आणि विषय बंद. काकांनाही बरं वाटलं असावं, दुसऱ्या आठवड्यापासून तेच हाक मारायला लागले, “चल गो, वाचूया.”

एवढं झालं तरी एक भीती आत होतीच. लक्षात न आलेली चूक पुढे निघाली तर?

मी वकील नाही, पण या कामासाठी एका निवृत्त अधीक्षकांशी बोलून घेतलं होतं. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 152 त्यांनीच मला समजावलं. निकालात, हुकूमनाम्यात किंवा आदेशात लेखनाची वा हिशेबाची चूक राहिली, अनवधानाने काही सुटलं, तर कोर्ट ती केव्हाही दुरुस्त करू शकतं, स्वतःहून किंवा कुणी अर्ज दिला तर. फौजदारीकडे सही झालेल्या निकालाला हात लावता येत नाही, पण लेखनाच्या आणि हिशेबाच्या चुकीला तिथेही अपवाद आहे. पूर्वी ते कलम 362 होतं, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत 403. म्हणजे लिहिणाऱ्याचा हात चुकणार, हे कायदा करणाऱ्यांनी आधीच धरून ठेवलंय. हे सांगितल्यावर ती पहिल्यांदा हसली. “परीक्षेला पाठ केलं होतं मॅडम, स्वतःला लावून कधी बघितलं नाही.”

पण कायद्याने सांभाळून घेतलेली चूक म्हणजे उघड झालेली चूक. लपवलेलीला असं संरक्षण नाही, आणि या कथेतली सगळ्यात धोक्याची जागा मला इथेच दिसली. मधल्या काळात एका जुन्या फाइलमध्ये तिला दिसलं की एका दस्तावर आपण निशाणी क्रमांक, म्हणजे रेकॉर्डमध्ये कागद ओळखायचा आकडा, चुकीचा घातलाय. कुणाच्या लक्षात आलेलं नव्हतं. व्हाइटनर ड्रॉवरमध्ये होता. “दोन मिनिटांचं काम होतं,” ती म्हणाली. तिने ते केलं नाही, पण आदल्या रात्री मनात शंभरदा केलं होतं. मी तिला स्पष्ट सांगितलं, चुकीचा आकडा ही चूक आहे, कुणाला न सांगता तो मिटवणं म्हणजे कोर्टाच्या रेकॉर्डमध्ये फेरफार. पहिलीला फार तर मेमो येईल, दुसरीने नोकरी जाऊ शकते आणि गुन्हाही लागू शकतो. घाबरट माणूस प्रामाणिक असतोच असं नाही. भीती फार वाढली की चांगली माणसं झाकपाक करू लागतात, आणि मग त्यांना खरोखर घाबरण्यासारखं काहीतरी मिळतं.

दुसऱ्या दिवशी ती फाइल घेऊन सहायक अधीक्षकांकडे गेली. ते वैतागले, हे नमूद करायला हवं. “आत्ता सांगतेस?” म्हणाले. मग फाइल साहेबांसमोर ठेवली. आदेश झाल्यावर जुना आकडा वाचता येईल असा एका रेषेने छेदला, शेजारी बरोबर आकडा, त्यावर सही आणि तारीख. पाचेक मिनिटं लागली असतील. साहेबांनी तिच्याकडे मान वर करूनही बघितलं नाही.

नोकरी सोडायच्या प्रश्नावर मी तिला सरळ उत्तर दिलं नाही. कुणालाच देत नाही. झोप नसलेल्या माणसाने राजीनाम्यासारखा निर्णय घेऊ नये, एवढंच सांगते. परिविक्षेचा काळ आहे, रजा शिल्लक आहे, आधी झोप परत येऊ दे, मग ठरव. काहींनी नंतर खरंच सोडली आणि ते बरोबरच केलं, कारण त्यांना भीती नव्हती, कंटाळा होता. दोन्ही सारखेच दिसतात, सोमवारी सकाळी दोघांचेही पाय जड होतात. भीती असलेल्याला काम जमायला लागलं की ती ओसरते. कंटाळा तसा ओसरत नाही.

आईशी वेगळं बोलावं लागलं. ‘सरकारी नोकरी’ हा शब्द घरात दिवसातून किती वेळा निघतो ते मोजा म्हटलं. मुलीला चुकायचीही मुभा नाही आणि सोडायचीही नाही, मग ती श्वास कुठे घेणार? आई रागावून गेली. पुढच्या वेळी फणसाचे गरे घेऊन आली, त्या विषयावर मात्र काही बोलली नाही.

तपासण्यात रोज तासाभराहून जास्त वेळ जात असेल, झोप-जेवण बिघडलं असेल, आणि हे निरर्थक आहे हे कळूनही थांबता येत नसेल, तर फक्त समुपदेशनावर थांबू नये, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावं. मी हिलाही पाठवलं होतं. रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, आणि जाणं शक्य नसेल तर टेलि-मानसच्या 14416 या क्रमांकावर फुकट बोलता येतं. ‘मनोरुग्णालय’ वाचून कुणी दचकू नये, बाह्यरुग्ण विभागात झोप न येणारी साधी माणसंच रांगेत असतात.

आता तिची बदली नक्कल विभागात, म्हणजे कोर्टाच्या कागदांच्या प्रमाणित प्रती देणाऱ्या विभागात झाली आहे. बाहेरून निवांत वाटणारं, पण तसं नसलेलं टेबल. नकलेसाठी अर्ज कधी आला, नक्कल तयार कधी झाली, दिली कधी, या तारखा नकलेवर लिहाव्या लागतात. तालुका कोर्टाच्या हुकूमनाम्यावर ओरोसच्या जिल्हा न्यायालयात 30 दिवसांत अपील करायचं असतं आणि नक्कल मिळायला लागलेले दिवस मुदत कायद्याच्या कलम 12 नुसार त्यातून वजा होतात. त्याच्या पुढचं अपील 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे जातं. म्हणजे तारखा इथेही आहेतच, आणि एखाद्याचं अपील त्यांच्यावर तरू किंवा बुडू शकतं.

गणपतीच्या आधी तिचा फोन आला. मला वाटलं जुनंच दुखणं. तसं नव्हतं. चाकरमानी सुट्टीवर आलेले, सगळ्यांना परतीच्या गाडीआधी नकला हव्यात, खिडकीवर हमरीतुमरी, कुणाची आधी द्यायची? मी म्हटलं, यात माझा काय उपयोग, अधीक्षकांना विचार.

“विचारलं,” ती म्हणाली. “म्हणाले, अर्जाच्या क्रमाने दे, आणि ओरडणाऱ्यांना माझ्याकडे पाठव.”