दसऱ्याचा झेंडू आषाढीला पेरा

प्रश्न : ताई, इंदिरानगरला आमची छोटी गच्ची आहे. आदल्या दसऱ्याच्या तोरणातली वाळकी फुलं कुस्करून ऑगस्टअखेर कुंड्यांत टाकली. दर आठवड्याला चिमूटभर युरियाही दिला. झाडं छातीपर्यंत गेली, पण दसऱ्याला एक फूल नाही! दिवाळी उलटल्यावर आली ती एकेरी, बारकी. जानेवारीत झाडं वाळली. छाटली तर पुन्हा फुटतील का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही फुटणार, आणि त्यात तुमची काही चूक नाही. झेंडू हंगामी झाड. रुजायचं, फुलायचं, बी धरायचं आणि संपायचं, हा त्याचा एवढाच फेरा. मोगऱ्यासारखी त्याची छाटणी करत बसू नका.

चुकली ती वेळ. मोठ्या झेंडूचं बी आठवडाभरात रुजतं, रोप लावणीला यायला तीन-चार आठवडे आणि पुढे फुलं धरायला साधारण दोन महिने लागतात. मी तारखा पाहत नाही. आषाढी एकादशीला बी टाकते. तिथून दसरा सुमारे ८८ दिवसांवर असतो, हिशेब नेमका बसतो. मध्ये अधिक महिना आला, तर मात्र महिनाभर थांबायचं.

युरिया पहिला बंद करा. नत्र जास्त झालं की झेंडू नुसता पाल्यावर जातो. कुंडी भरताना चांगलं कुजलेलं शेणखत घाला, तेवढं पुरे. पाच-सहा तास ऊन हवंच. आपली काळी माती श्रावणात पाणी धरून ठेवते आणि बुंधा कुजतो, म्हणून तीत वाळू किंवा कोकोपीट मिसळा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, शेंडा खुडणं. लावणीनंतर महिन्याभरात, कळी दिसायच्या आत, शेंड्याची दोन पानं अंगठ्याच्या नखाने खुडायची. जीव हळहळतो, माझा अजूनही हळहळतो. त्या उग्र वासाने बोटं दुपारपर्यंत दरवळत राहतात. पण आठ-दहा दिवसांत प्रत्येक पानाच्या बेचक्यातून नवा फुटवा डोकावतो, आणि एका शेंड्याच्या जागी झुडूप होतं. उंच, एकदांडी झाड पावसात आडवं पडतं. हे पडत नाही.

बाजारातली फुलं बहुधा संकरित वाणांची असतात. त्यांच्या बियांतून आईसारखी लेक निघेलच असं नाही, म्हणून तुमची फुलं एकेरी निघाली. पुसा नारंगी, पुसा बसंती हे सरळ वाण आहेत, म्हणजे त्यांच्या बियांतून तसंच झाड येतं. त्यांचं भरगच्च फूल झाडावरच वाळू द्या. मग देठाकडून उकला : काळी, सुईसारखी बारीक काडी आणि टोकाला फिकट शेंडी, ते बी. नुसती पांढुरकी, चपटी निघाली तर ती पोकळ.

ऑक्टोबरच्या उन्हात पानं राख फासल्यागत दिसली, तर उलटी करून पाहा, लाल कोळी, म्हणजे पानांचा रस शोषणारी बारीक कीड, असेल. पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा मारा.

माझं माहेर गिरणाऱ्याकडचं. वडील टोमॅटोच्या दर सोळा ओळींमागे एक ओळ झेंडूची लावत. फळ पोखरणाऱ्या अळीचा पतंग झेंडूवर अंडी घालतो आणि टोमॅटो बराच वाचतो. शिवाय झेंडूची मुळं जमिनीतले सूत्रकृमी, म्हणजे पिकांच्या मुळांना लागणारे सूक्ष्म जंत, कमी करतात. तेव्हा ती वाळकी झाडं कचऱ्यात देऊ नका. मुळांसकट बारीक करून त्याच कुंड्यांत मिसळा आणि यंदा उन्हाळ्यात तिथे वांगी लावा.