एक्सबॉक्स वन कंट्रोलरचा ट्रिगर पूर्ण दाबूनही गेममध्ये अर्धाच लागतो. सेन्सर बदलावा का?

लगेच बदलू नका. आधी चुंबक तपासा. या ट्रिगरमध्ये घासणारा संपर्कच नसतो. ट्रिगरमधलं छोटं चुंबक बोर्डावरच्या हॉल सेन्सरजवळ (चुंबकीय क्षेत्र ओळखणारा सेन्सर) सरकतं, त्यामुळे काँटॅक्ट क्लीनर मारून काहीही होत नाही (तरी सगळे तोच मारतात). ब्राउझरमधल्या गेमपॅड टेस्टरवर सोडल्यावर ०, पूर्ण दाबल्यावर १ दिसायला हवं.

- आकडा सलग वाढून मध्येच अडकतो: चुंबक सरकलंय, किंवा ट्रिगरखाली कचरा आहे.
- आकडा उड्या मारतो: सेन्सरचं सोल्डरिंग तपासा.

उघडायला मध्ये भोक असलेला टी८ टॉर्क्स (चांदणीच्या टोकाचा) स्क्रूड्रायव्हर लागतो. पाचवा स्क्रू बॅटरीच्या खणातल्या स्टिकरखाली असतो. चुंबक परत बसवताना ध्रुव उलटे होऊ देऊ नका. हे प्लेस्टेशन ४ च्या ड्युअलशॉक ४ कंट्रोलरला मात्र लागू नाही. तिथे रबराचं कार्बन पॅड असतं, ते आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावं.