पिकअपवर वेल्डिंग मशीन आणि जनरेटर कायम लादलेला असतो, मागून गाडी बसते. पाटा (लीफ स्प्रिंगची पट्टी) वाढवू, एअरबॅग (स्प्रिंगला मदत करणारी हवेची पिशवी) लावू की शॉकअप बदलू?

वजन कायम तेवढंच असेल तर पाटाच वाढवा. एअरबॅग कमी-जास्त होणाऱ्या मालासाठी; हवा गळली की गाडी पुन्हा बसते. शॉकअप वजन पेलत नाही, फक्त उसळी आवरतो.

आधी जुने पाटे तपासा: चिरलेला किंवा सपाट झालेला असेल तर तो बदला. दोन्ही बाजूंना सारखाच पाटा टाका, यू-बोल्ट (पाटे ॲक्सलला, म्हणजे चाकांच्या दांड्याला, आवळणारे) नवे आणि लांब घ्या, सेंटर बोल्टही (पाटे मधोमध एकत्र धरणारा). ५०० किमीनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळा. ढिले राहिले तर सेंटर बोल्ट तुटून ॲक्सल सरकतो.

मेकॅनिक हमखास विसरतात ते एक: मागच्या ब्रेकला लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह (वजनानुसार मागचा ब्रेक कमी-जास्त करणारा) असेल तर त्याचं सेटिंग करून घ्या. मागची बाजू उचलली की व्हॉल्व्ह गाडी रिकामी समजतो आणि मागचा ब्रेक कमी लागतो. आरसी बुकातली वजनमर्यादा मात्र पाट्याने वाढत नाही.