तिसऱ्या रांगेत कोण बसणार?

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

पाचवा लागला आणि डॉक्टरांनी सगळं उत्तम आहे म्हणून सांगितलं, हे वाचून बरं वाटलं. थोरलीला आतापासूनच 'बाळ गाडीत कुठे बसणार?' असा प्रश्न पडलाय म्हणतेस. तिचा प्रश्न आपण नीट घेऊ, कारण घरातल्या मोठ्यांनी तो अजून विचारलेला दिसत नाही. आत्ताची वॅगनआर देऊन सात सीटर घ्यावी का, असं तू विचारलंयस. तुझ्या पत्रात यजमानांना हवी असलेली एर्टिगा आहे, दिरांनी सुचवलेली इनोव्हा आहे, सासूबाईंचं 'गणपतीला चिपळूणला सगळे एकाच गाडीतून जाऊ' आहे. कोण कुठे बसेल ते मात्र कुठेच नाही.

माझं मत आधी सांगते, म्हणजे पुढचं वाचताना तुला ते पडताळून पाहता येईल. तुम्हाला मोठी गाडी लागणार आहे, पण आत्ता नाही. धाकटं दोन वर्षांचं होऊ दे, थोरली बूस्टरवर (मुलाला उंच करून गाडीचाच पट्टा लावता येतो ती बैठक) बसायला लागू दे, मग घ्या. बाळ येतंय म्हणून बाळाच्या आधी गाडी दारात हवी, ही घाई सोड. बँकेत कर्जाच्या टेबलावर मी अशी किती जोडपी पाहिली! सातव्या महिन्यात अर्ज, बारशाच्या आधी डिलिव्हरी. त्यांचा आनंद खराच असायचा, पण तिसरी रांग पुढची दोन वर्षं आडवी पाडलेलीच राहायची.

असं का होतं ते सांगते. तान्ह्या बाळाची सीट मागे तोंड करून बसवायची असते. ती सीट आडवी-तिरकी असल्यामुळे लांबीला बरीच जागा खाते, आणि तिच्या पुढची सीट चांगली पुढे ओढावी लागते. तुझे सासरे पुढे बसतात, त्यांचा गुडघा दुखतो. बाळाची सीट त्यांच्या मागे लावलीस तर त्यांचे गुडघे डॅशबोर्डला टेकतील. यजमान उंचीने कमी असतील तर ती त्यांच्या मागे लाव. आणि काही झालं तरी एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या सीटवर मागे तोंड केलेली सीट लावायची नाही. तिथे एअरबॅग उघडली तर बाळाच्या जिवावर बेतेल.

आता थोरलीची सीट दुसऱ्या खिडकीशी आली. मध्ये उरली वीतभर जागा. तिथे मोठं माणूस बसवायचं म्हटलं तर वॅगनआरमध्ये अशक्यच आहे. म्हणजे आरसीवर आसनक्षमता ५ लिहिलेली असली तरी दोन बालसीटा लावल्या की तुमची गाडी चार जणांची होते. हा तुझ्या यजमानांचा मुद्दा बरोबर आहे, आणि तो मला पूर्ण मान्य आहे.

पण एर्टिगात काय होतं ते बघ. तिसऱ्या रांगेत जायला मधल्या रांगेची सीट पाठ पाडून पुढे सरकवावी लागते. त्या सीटवर बालसीट घट्ट बसवलेली असेल तर ती हलत नाही. दोन्ही खिडक्यांशी दोन बालसीटा आल्या की मागे जायची वाटच बंद. दरवेळी एक सीट सोडायची, माणूस मागे बसवायचं, सीट पुन्हा बांधायची, आणि उतरताना तेच उलट. रडणारं बाळ कडेवर घेऊन, भर पावसात, हे चार दिवस होईल. पाचव्या दिवशी कुणीतरी म्हणेल, 'जाऊ दे, घे मांडीवर.'

ते मात्र होऊ द्यायचं नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम १९४ ब आलं. चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा बालसीट नसेल तर हजार रुपये दंड आहे. दंड कुणी करो न करो, ताशी पन्नासच्या वेगात गाडी अचानक थांबली तर आठ किलोचं लेकरू जगातली कुठलीही आई दोन हातांत धरून ठेवू शकत नाही. अगदी कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे जातानाही नाही. नवी गाडी आली नाही तरी चालेल, चांगल्या दोन सीटा आधी घे. मागच्या सीटच्या फटीत हात घालून, बालसीट पट्ट्याशिवाय थेट अडकवायचे आयसोफिक्सचे लोखंडी आकडे आहेत का ते बघ. नसतील तर पट्ट्याने बांधायची सीट मिळते, ती घे.

मधल्या रांगेत दोन सुट्या सीटा असतात, त्या सहा सीटर गाड्याही आहेत. एक्सएल सिक्स तशीच आहे, कॅरेन्सच्या काही मॉडेलांत आणि सात सीटर इनोव्हा हायक्रॉसमध्येही मधल्या रांगेत तशा सुट्या सीटा मिळतात. मधल्या बोळातून मागे जाता येतं, बालसीटा जागच्या जागी राहतात. तुम्ही सहा जण, त्यामुळे कागदावर हिशेब चोख बसतो. पण त्या बोळातून वाकून कोण जाणार? सासरे नाहीतच. सासूबाई आणि तू. म्हणजे बाळ मधल्या रांगेत, बाळाची आई मागे, आणि दूध हवं झालं की गाडी बाजूला घ्यायची. शिवाय तिसरी रांग मागच्या चाकांवर येते. प्रत्येक खड्डा तिथे आधी कळतो, घाटातलं वळण तिथे जास्त हेलकावतं. ज्यांना गाडी लागते त्यांना तिथे बसवू नये. सीट जमिनीपासून इतकी कमी उंचीवर असते की मोठ्या माणसाचे गुडघे पोटाशी येतात. स्वारगेट ते कोथरूड ठीक आहे. उंब्रजहून पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाट उतरायचा म्हणजे शिक्षा आहे.

हीच तिसरी रांग दोन-अडीच वर्षांनी कामाची होईल. तेव्हा थोरली स्वतः चढेल, बूस्टरवर बसून तीन-बिंदू पट्टा लावेल, मागे आजीशी गप्पा मारेल. मधल्या रांगेत एकच बालसीट उरेल आणि दुसऱ्या बाजूची सीट मागेपुढे करायला मोकळी असेल. मूल तान्हं असतं तेव्हा ही रांग सर्वांत हवीशी वाटते, पण तेव्हाच ती सर्वांत कमी वापरता येते. दिरांना हे एकदा शांतपणे समजावून सांग.

आता सामानाचं. ही गोष्ट शोरूममध्ये कुणी आपणहून सांगत नाही. तुझ्या वॅगनआरची डिकी ३४१ लिटरची आहे. एर्टिगाच्या तिन्ही रांगा उभ्या असताना मागे उरतात २०९ लिटर. म्हणजे माणसं वाढली आणि सामानाची जागा घटली. तिसरी रांग पाडली की साडेपाचशे लिटर मिळतात, पण मग ती पाच सीटरच झाली. सीएनजी घेतलीत तर टाकी मागेच बसते आणि ती २०९ चीही बरीचशी जाते. बाळाची ढकलगाडी, डायपरचं पुडकं, सासऱ्यांची काठी, सासूबाईंची गणपतीची पिशवी: हे सगळं कुठे जाणार? टुरिस्ट गाड्यांच्या टपावर कॅरिअर दिसतं ते हौस म्हणून लावलेलं नसतं.

ट्रायबरचंही तू विचारलंयस. गाडी हुशारीने बांधली आहे, चार मीटरच्या आत सात जणांना जागा केली आहे, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना १८ टक्के जीएसटी लागतो, मोठ्यांना ४० टक्के. त्यामुळे किमतीत ती उजवी आहे. पण सातही सीटा उभ्या केल्या की डिकी ८४ लिटरची राहते, आणि इंजिन ९९९ सीसीचं, ७२ पीएसचं (पीएस म्हणजे अश्वशक्ती) आहे. पुण्यात चालेल. भरल्या गाडीने परतताना कुंभार्ली चढायचा तर मी तुला ती घ्यायला सांगणार नाही. एर्टिगाचं १४६२ सीसीचं पेट्रोल इंजिन १०३ पीएस देतं, तिथे हा प्रश्न उरत नाही.

तुमच्या पार्किंगचा खांब मला आठवतो. वॅगनआर ३६५५ मिलिमीटर लांब आहे, एर्टिगा सुमारे ४४००, इनोव्हा हायक्रॉस ४७५५. म्हणजे एर्टिगा अडीच फुटांनी लांब आणि हायक्रॉस साडेतीन फुटांहून जास्त. रुंदीतही एर्टिगा चार-साडेचार इंचांनी वाढते. गाडी आत जाईल की नाही यापेक्षा दार किती उघडेल हे महत्त्वाचं, कारण त्या फटीतून बाळासकट बालसीटपर्यंत वाकायचं आहे. अमेरिकेतल्या तुझ्या नणंदेने मिनीव्हॅनचं गुणगान केलं ते याचसाठी असणार. तिथल्या मिनीव्हॅनची मागची दारं सरकती असतात, खांबाशीही पूर्ण उघडतात. आपल्याकडे तसं दार ईकोला आहे, नाहीतर अर्धा कोटीच्या वरच्या कार्निव्हलसारख्या गाड्यांना. मधल्या गाड्यांची दारं नेहमीसारखीच बाहेर उघडतात, म्हणून तिचा अनुभव इथे जसाच्या तसा लागू करू नकोस.

पैशाचं तुला मी काय शिकवणार, पण एकदा मांडून दाखवते. वॅगनआर विकून वर पाच लाखांचं कर्ज काढलंत असं धर. ९ टक्क्यांनी पाच वर्षांचा हप्ता १०,३७९ रुपये, वर्षाचे सव्वा लाख. सात वर्षं केलीत तर हप्ता ८,०४५ वर येतो आणि हलका वाटतो, पण व्याज १ लाख २३ हजारांवरून १ लाख ७६ हजारांवर जातं. विक्रेता सात वर्षांचाच आकडा आधी सांगेल. तुझं प्रसूतीनंतरचं वर्ष आहे, रजा वाढवावीशी वाटू शकते, सांभाळायला बाई ठेवावी लागेल. त्या वर्षात दहा हजारांचा नवा हप्ता मला नको वाटतो. माझ्या सल्ल्यातलं अर्धं वजन या एका गोष्टीला आहे.

उलट, येत्या गणपतीला ड्रायव्हरसह मोठी गाडी भाड्याने घेतलीत तर? तीन दिवस, दिवसाला किमान ३०० किलोमीटर धरतात, म्हणजे ९००. किलोमीटरला पंधरा रुपये धरले तर साडेतेरा हजार, वर ड्रायव्हरचा भत्ता आणि टोल. असं वर्षातून दोनदा केलं तरी तीस-पस्तीस हजारांत भागतं. गाडी ठरवतानाच सांगायचं की मागे पट्टे चालू हवेत, आम्ही आमच्या बालसीटा लावणार आहोत. बाळ तेव्हा तीन-साडेतीन महिन्यांचं असेल, भाद्रपदात घाटात धुकं असतं, आणि यजमानांना गाडी चालवण्यातून सुटका मिळून ते मागे तुझ्या मदतीला येतील. खरं तर बाळाला घेऊन त्या वर्षी तू जावंस का, हा वेगळा विषय आहे. सासूबाईंशी त्यावर प्रेमाने बोल.

अर्थात स्वतःच्या गाडीची पाच वर्षांनी किंमत येते, एर्टिगाची तर चांगली येते, आणि भाडं गेलं ते गेलं. हे यजमान म्हणतील आणि त्यांचं चूक नाही. म्हणून माझ्या शब्दावर जाऊ नका, मोजा. स्वयंपाकघरातलं कालनिर्णय घे. रोज गाडी बाहेर निघाली की त्या तारखेच्या चौकोनात किती जण बसले तो आकडा पेन्सिलने लिही. थोरलीची शाळा, सासऱ्यांची फिजिओथेरपी, भाजी, रविवारी इथल्या नणंदेकडे, सगळं. बाळ आल्यानंतरचा महिना आला की त्यातही असंच लिही. तू रोजचं जे वर्णन केलंस त्यावरून मला एक ते चार हेच आकडे दिसतात. पण सहा हा आकडा महिन्यात चार-पाच वेळा आला, तर मी माझं म्हणणं मागे घेईन आणि म्हणेन, सहा सीटर बघायला लागा, मनात खंत ठेवू नका. म्हातारी माणसं आणि लहान मुलं दर आठवड्याला एकत्र बाहेर पडतात, असं घर मला फार आवडतं, आणि त्यासाठी पैसे खर्च करणं योग्यच आहे.

बघायला जाल तेव्हा सगळे जा. थोरलीची सीट बरोबर ने आणि विक्रेत्यासमोर स्वतः बसवून बघ. ती बसल्यावर सासूबाईंना मागे जाऊन बसायला सांग, आणि पाच मिनिटांनी बाहेर यायला सांग. त्यांनी कुठे हात टेकला, पाय कसा उचलला, ते बघ. मागच्या रांगेत एसीचा झोत पोचतो का, प्रत्येक जागेला खांद्यावरून येणारा पट्टा आहे का, ते हाताने ओढून बघा. सगळ्या सीटा उभ्या ठेवून डिकीत तुमची ढकलगाडी घाला आणि दार लावून दाखवायला सांगा. टेस्ट ड्राइव्हला भरल्या गाडीने चढ घ्या, कात्रजचा जुना घाट जवळ आहे.

टोलची काळजी करू नकोस, सात सीटरलाही मोटारीचाच दर लागतो. आरटीओचा कर मात्र किमतीच्या टक्केवारीत असतो, तो ऑन-रोड आकड्यात धरूनच तुलना कर.

कालनिर्णयचे आकडे आणि पार्किंगचं माप मला पाठव. वॅगनआरला काय किंमत येते तेही दोन ठिकाणी विचारून ठेवा. मग पाच वर्षांचा तक्ता मीच करून देते, आणि हवं तर यजमानांशी फोनवर बोलते. पायावर सूज येते म्हणालीस, ती डॉक्टरांना नक्की सांग.

तुझी,
मॅडम