आधी वॉर्ड की थेट आयसीयू?

प्रश्न: नुकतीच नर्सिंगची पदवी मिळाली. आयसीयूत नोकरी मिळते आहे, पण सीनियर सिस्टर म्हणतात, आधी दोन वर्षं जनरल वॉर्ड कर. थेट गेले तर झेपेल का? तयारी काय करू?

उत्तर: झेपेल, युनिट शिकवणारं असेल तर. वॉर्डात एका वेळी अनेक पेशंट सांभाळताना आधी काय, नंतर काय हे हातात बसतं, हे सीनियरांचं म्हणणं खरं आहे. पण शेजारी अनुभवी सिस्टर असेल तर ते आयसीयूतही शिकता येतं. म्हणून होकार देण्याआधी इन्चार्जना विचारा: मला स्वतंत्र पेशंट किती आठवड्यांनी देणार? शिकवणारी सिस्टर एकच असेल की रोज बदलेल? स्टाफ कमी पडला तर मला मोजणीत धरणार का? एकटीने रात्रपाळी कधीपासून? 'चार दिवसांत येईल सगळं' असं उत्तर आलं तर ती नोकरी घेऊ नका, पगार कितीही चांगला असो.

तयारीत आधी गणित पक्कं करा. समजा, ६० किलोचा पेशंट आहे आणि नॉरअ‍ॅड्रेनलिन (बीपी टिकवणारं औषध) मिनिटाला, दर किलोमागे ०.१ मायक्रोग्रॅम द्यायचं आहे. मिनिटाला ६, तासाला ३६० मायक्रोग्रॅम. ५० मिलीच्या सिरिंजमध्ये ४ मिलिग्रॅम औषध असेल तर एका मिलीत ८० मायक्रोग्रॅम, म्हणजे सिरिंज हळूहळू दाबणारा पंप तासाला ४.५ मिलीवर. नवख्यांची चूक होते ती इथे: दुसऱ्या युनिटमध्ये त्याच ५० मिलीत ८ मिलिग्रॅम भरतात, आणि तोच ४.५ चा आकडा ठेवला की डोस दुप्पट जातो. पंपाच्या आकड्याआधी सिरिंजवरचं लेबल वाचा, आणि दुसऱ्या सिस्टरला तुमचा आकडा न सांगता हिशेब करायला लावा.

हे औषध थांबलं की त्याचा असर काही मिनिटांतच उतरतो, त्यामुळे सिरिंज बदलताना बीपी कोसळतं. अर्धा तास आधीच नवी सिरिंज भरून लेबल लावून ठेवा. ती पंपात बसवल्यावर, पेशंटला जोडण्याआधी, नळीच्या टोकाशी थेंब दिसेपर्यंत पंप चालवा. नाहीतर दट्ट्या आणि पंप यांच्यातली ढील भरून निघेपर्यंत औषध जातच नाही. आणि त्या लाइनमधून दुसरं इंजेक्शन कधीही ढकलू नका, आत साचलेलं नॉरअ‍ॅड्रेनलिन एकदम आत जातं.

आर्टेरियल लाइनचा (धमनीत घातलेल्या, सतत बीपी दाखवणाऱ्या नळीचा) ट्रान्सड्यूसर, म्हणजे दाब मोजणारा सेन्सर, चौथ्या बरगडीखालच्या फटीच्या पातळीला, काखेच्या मध्यरेषेवर हवा. तो १० सेंटिमीटर खाली सरकला तर बीपी सुमारे ७ मिमीने जास्त दिसतं. पलंग वर-खाली केला की पुन्हा बघायचं.

प्रश्न: व्हेंटिलेटरचा अलार्म वाजला की काही सुचत नाही. काय करू?

उत्तर: आधी पेशंटकडे बघा: छाती हलते आहे का, रंग कसा आहे, सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण) किती. प्रेशर कमी असल्याचा अलार्म असेल तर तोंडापासून मशीनपर्यंत नळी हाताने चाचपत जा, बहुधा कुठेतरी सुटलेली असते. जास्तचा असेल तर पेशंटने श्वासनलिकेतली ट्यूब चावली आहे का, वळली आहे का, नळीत पाणी किंवा ट्यूबमध्ये कफ साचलाय का, ते बघा. सक्शन (कफ ओढून काढणं) एका वेळी १५ सेकंदांपेक्षा जास्त नको. कारण सापडत नाही आणि सॅच्युरेशन उतरतं आहे, तर शोधत बसू नका. मोठ्याने हाक मारा, व्हेंटिलेटर काढा आणि पूर्ण ऑक्सिजनवर अँबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) सुरू करा. बॅग दाबायला जड जाते की सहज, हे येणाऱ्या डॉक्टरांना लगेच सांगा.